वाळूवरची अक्षरे आणि नकार देणारा शिक्षक

१/ तुमच्यापैकी अनेकजण शाळेत कधी ना कधी वर्गाचे ‘मॉनिटर’ झाले असतील. बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिणे, एवढेच आता त्या पदाचे काम उरले आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र या शब्दामागे एक संपूर्ण शिक्षणपद्धती उभी होती, आणि तिची सुरुवात एका शिक्षकाच्या नकारातून झाली होती. (थ्रेड)

२/ स्थळ मद्रास. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री एग्मोर येथील लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेचा प्रमुख झाला. एके सकाळी घोड्यावरून जाताना त्याला एक स्थानिक शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे गिरवीत होती.

३/ बेलला या साधनाचे मोल तत्काळ उमगले. कागद नको, शाई नको. चुकले तर हात फिरवायचा आणि पुन्हा लिहायचे. त्याने मुळाक्षरांच्या वर्गाला हीच रीत लावण्यास सांगितले. तेथील शिक्षकाने ते अशक्य असल्याचे कळवले.

४/ तेव्हा बेलने तो वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या विद्यार्थ्याकडे सोपवला. वय अवघे आठ वर्षे! प्रयोग यशस्वी झाला. मग एकेक वर्ग मोठ्या मुलांच्या हाती गेला आणि पगारी शिक्षकांची गरज घटत चालली.

५/ १७९७ मध्ये बेलने लंडनमध्ये या प्रयोगाची पुस्तिका छापली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने साउथवर्क भागात शाळा काढून अशाच पद्धतीचा विस्तार केला. वाळूचे तबक, दगडी पाटी, हाताखाली मॉनिटर, आणि शेकडो मुलांवर एकच शिक्षक. स्वस्त शिक्षणाच्या शोधात असलेल्या इंग्लंडला ही पद्धत फार आवडली.

६/ आता मुंबई. १८२२ मध्ये एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी येथे संस्था स्थापन झाली. तीच पुढे ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ म्हणून ओळखली गेली. तिने लँकेस्टरची पद्धत स्वीकारली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले २४ शिक्षक १८२६ मध्ये दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठवण्यात आले.

७/ गंमत अशी की, आपल्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी आधीपासूनच होती. मुले धुळाक्षरे गिरवीत, मोठी मुले लहानांना सांगत, आणि पावकी, निमकी, सवाई, दिडकी एका सुरात म्हटली जाई. मद्रासच्या वाळूतून निघालेली कल्पना विलायतेची वारी करून ‘नवी पद्धत’ या नावाने परत आली होती.

८/ पंतोजींना खरोखर नवे होते ते छापील पुस्तक. त्यांची सारी विद्या कंठात आणि हाताच्या वळणात होती. ते शिकवीत मोडी, कारण हिशेब आणि पत्रव्यवहार मोडीत चाले. शाळेसाठी छापलेली पुस्तके मात्र मुख्यतः बाळबोध लिपीत येऊ लागली. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ चे. ज्याने आयुष्यभर शिकवले, त्यालाच आता वळण बदलायचे होते.

९/ पंतोजींचा चरितार्थ पालकांनी दिलेल्या पैशा-धान्यावर चाले. त्यामुळे प्रश्न केवळ लिपीचा नव्हता. गावात ‘शिकलेला’ कोणाला म्हणायचे, हाही होता. प्रशिक्षण घेऊन आलेल्या नव्या शिक्षकाजवळ पुस्तक होते, सरकारचा पाठिंबा होता. जुन्या पंतोजींना मात्र बहुधा स्वतःच वाट शोधावी लागली.

१०/ पुन्हा मद्रासच्या त्या शिक्षकाकडे येऊ. त्याची हकिकत आपल्यापर्यंत पोहोचली ती बेलच्या लेखणीतून. म्हणून तो हटवादी ठरला. त्याला वाळू खरेच निरुपयोगी वाटली, कमीपणाची वाटली, की आपल्या जागेची चिंता वाटली? कारण काहीही असो. त्याची जागा एका बिनपगारी मुलाने घेतली, हे मात्र खरे.

११/ आज वर्गात स्मार्ट बोर्ड आला की ‘शिक्षक बदलायला तयार नसतात’ हे वाक्य सहज उच्चारले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यावर दोन प्रश्न विचारावेत. शिकून घ्यायला त्यांना वेळ कोणी दिला? आणि या साधनामुळे वाचलेला पैसा कोणाच्या वाट्याला गेला?