हार्फबझ

हार्फबझ ही युनिकोड मजकुराचे फॉन्टमधील योग्य चिन्हाकृतींमध्ये रूपांतर करणारी मुक्त सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. या प्रक्रियेला शेपिंग किंवा अक्षरघडण असे म्हणतात. देवनागरी, अरबी, तमिळ, ख्मेर यांसारख्या लिप्यांमध्ये अक्षराचे दृश्य रूप शेजारच्या अक्षरांवर अवलंबून असल्यामुळे ही प्रक्रिया अत्यावश्यक ठरते. हार्फबझ मुख्यतः सी++ या भाषेत लिहिलेली असून ती एमआयटी प्रकारच्या परवान्याखाली वितरित होते.

नाव

हार्फबझ हे नाव फारसी भाषेवरून घेतले आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले. 'ओपनटाइप' या फॉन्ट-प्रमाणकाच्या नावाचे हे फारसी भाषांतर आहे.

इतिहास

हार्फबझचे मूळ फ्रीटाइप या लायब्ररीतील ओपनटाइप सारण्या वाचणाऱ्या भागात आहे. हा भाग पुढे पँगो आणि क्यूट या दोन लायब्रऱ्यांनी स्वतंत्रपणे उचलला. एकाच कामाच्या अशा वेगवेगळ्या प्रती झाल्याने एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे पोहोचत नसे. म्हणून हे काम एका सामाईक प्रकल्पात आणण्यात आले. पुढे बेहदाद एस्फहबोद यांनी संपूर्ण लायब्ररी नव्याने लिहिली. आज हार्फबझ म्हणून ओळखली जाते ती हीच नवी लायब्ररी होय. या कार्यासाठी एस्फहबोद यांना २०१३ मध्ये ओ'रायली ओपन सोर्स पुरस्कार मिळाला. भारतीय लिप्यांसाठीच्या भागात मोझिलाचे जोनाथन क्यू यांचेही योगदान आहे.

विकासकालीन आवृत्त्या

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये स्थिर आवृत्तीपूर्वी चाचणीसाठी विकासकालीन आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा प्रघात आहे. ग्नोम प्रकल्पातील अनेक लायब्रऱ्यांमध्ये दीर्घकाळ विषम क्रमांक विकासकालीन आणि सम क्रमांक स्थिर आवृत्तीसाठी राखलेला असे. पँगोने हार्फबझचा स्वीकार याच पद्धतीने केला. २०१२ मधील १.३१ या विकासकालीन मालिकेत हा बदल प्रथम आला आणि त्यानंतर १.३२ या स्थिर मालिकेतून तो सामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला.

हार्फबझची ०.९ मालिका २०१२ मध्ये सुरू झाली. या काळात विकिपीडियाच्या विविध भाषांतील लेखांतून शब्दसूची तयार करून तिच्यावर चाचण्या घेण्यात आल्या. प्रत्येक शब्दासाठी हार्फबझचा निकाल मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबच्या निकालाशी ताडून पाहिला जाई आणि लिपीनिहाय न जुळलेल्या शब्दांची संख्या बदलांच्या नोंदीत दिली जाई. देवनागरीही या चाचण्यांत होती.

१.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिच्यात युनिव्हर्सल शेपिंग इंजिन या सर्वसाधारण पद्धतीचा आधार समाविष्ट झाला. प्रत्येक लिपीसाठी वेगळे नियम न लिहिता युनिकोडमधील वर्णगुणधर्मांवरून घडण करणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आहे. २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये समाविष्ट झालेल्या मोडी लिपीची घडण याच पद्धतीने होते. २.० (२०१८) मध्ये ॲपलच्या फॉन्ट-सारण्यांचा आधार आला, तर ३.० (२०२१) मध्ये फॉन्टमधून आवश्यक तेवढाच भाग वेगळा काढण्याची सुविधा स्थिर झाली. नवी फंक्शने काही काळ 'प्रायोगिक' ठेवून नंतर स्थिर करण्याची पद्धत पुढेही सुरू राहिली.

कार्यपद्धती

संगणकात मजकूर उच्चारक्रमाने साठवला जातो, परंतु देवनागरीत तो त्याच क्रमाने दिसत नाही. पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांच्या नावांवरून हे स्पष्ट होते.

घोड नदीकाठच्या 'शिरूर' या नावात श, ऱ्हस्व इकार, र, दीर्घ ऊकार आणि र असे पाच संकेत असतात. इकार हा श नंतर साठवलेला असूनही श च्या आधी काढावा लागतो. हा क्रमबदल हार्फबझ करते. पुढील 'रू' मध्ये ऊकार र च्या खाली न लागता त्याच्या बाजूला जोडला जातो. त्यासाठी फॉन्टमधील पर्यायी आकृतीची सारणी वाचून योग्य आकृती निवडली जाते.

भीमाकाठच्या 'दौंड' या नावात द, औकार, अनुस्वार आणि ड असे चार संकेत आहेत. औकाराच्या मात्रा आणि अनुस्वार हे दोन्ही शिरोरेषेच्या वर येतात. ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून फॉन्टमधील स्थाननिश्चितीची माहिती वापरली जाते किंवा दोन्हींची एकत्रित आकृती घेतली जाते.

मराठीतील विशेष गरजा

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. या दोन शब्दांत अर्थभेद करणारे चिन्ह केवळ र चे रूप आहे. पहिल्या शब्दात र् चा रफार होऊन तो य च्या वर जातो, तर दुसऱ्यात तो जागेवरच राहून वेगळ्या अर्धरूपाने दिसतो. 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड' या शब्दांतही हेच रूप येते. युनिकोडमध्ये ते नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त यांनी लिहिले जाते. घडण चुकल्यास केवळ सौंदर्य बिघडत नाही, तर शब्दच बदलतो.

मराठीतील पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे हिंदीतील प्रचलित रूपांपेक्षा वेगळी असून महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयात ती स्वीकारली आहेत. मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले आणि फॉन्टमध्ये ती रूपे असली, तर हार्फबझ त्यांची निवड करते. संकेतस्थळावर भाषेची नोंद केलेली नसल्यास मराठी मजकूर हिंदी वळणाच्या ल आणि श सह दिसू शकतो.

महाराष्ट्राशी संबंध

अक्षरघडण करणारी लायब्ररी आणि तिला आधार देणारा फॉन्ट परस्परपूरक असतात. लिनक्सवरील भारतीय भाषांसाठी महत्त्वाचे ठरलेले लोहित फॉन्ट मूळचे पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीचे आहेत. २००४ मध्ये रेड हॅटने ते जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि २०११ मध्ये त्यांना ओपन फॉन्ट परवाना लागू झाला. त्यांच्या देखभालीत रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांचा वाटा मोठा आहे.

वापर

अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स आणि ग्नोम यांमध्ये हार्फबझ वापरली जाते. झीटेकने २०१३ मध्ये तिचा स्वीकार केला. लिबरऑफिसमध्ये ती २०१३ पासून लिनक्सवर आणि २०१७ मधील ५.३ आवृत्तीपासून सर्व संगणकप्रणालींवर वापरात आली. जावाच्या नवव्या आवृत्तीतही तिचा समावेश झाला.

मर्यादा

हार्फबझ केवळ अक्षरघडण करते. ओळी तोडणे, फॉन्ट शोधणे आणि आकृती पडद्यावर रंगवणे ही कामे इतर लायब्रऱ्यांकडे असतात. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेखन केलेल्या मराठी दस्तऐवजांना तिचा थेट उपयोग होत नाही. अशा दस्तऐवजांत देवनागरी अक्षरांच्या जागी प्रत्यक्षात रोमन संकेत साठवलेले असल्यामुळे त्यांचे आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते.