आजीची बार्शी लाइट आणि माथेरानची गाडी

नेहमीप्रमाणे या भागाचं हे शब्दांकन. ऐकताना नावं आणि सालं निसटतात, म्हणून बोललो ते थोडं नीट करून लिहिलंय. बोलण्यातला सोलापुरी हेल मात्र राहू दिलाय, तो काढला तर मीच उरणार नाही.

आजचा विषय आहे लहान मुलांना घेऊन डोंगरात, जंगलात जायची सहल. सोलापूरकराला डोंगराचं अप्रूप जरा जास्तच असतं. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. पारा ४२-४३ वर गेला की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: लेकरांना कुठंतरी थंड ठिकाणी न्यायला पाहिजे.

२००४ च्या मे महिन्यात आमच्या घरात ते वाक्य खरं झालं. मी दुसरीतून तिसरीत गेलो होतो. आई, बाबा, ताई, मी आणि आजी असे पाच जण रात्रीच्या सिद्धेश्वरनं निघालो. पहाटे कल्याणला उतरायचं, तिथून कर्जत लोकलनं नेरळ, आणि नेरळहून माथेरानची छोटी गाडी. पिशवीत दशम्या, शेंगाचटणी आणि पाण्याचा थर्मास.

नेरळच्या फलाटावर ती गाडी बघून आम्ही भावंडं नाचायलाच लागलो. आजी मात्र पदर सावरत म्हणाली, "अगं बाई, ही तर आपली बार्शी लाइटच की!"

सगळे हसले. बाबा म्हणाले, "आई, बार्शी कुठं, माथेरान कुठं!" आजीचं माहेर बार्शी. तिला कुठलीही छोटी गाडी बार्शी लाइटच वाटणार, असं आम्ही समजलो आणि विषय तिथंच संपला.

तो पुन्हा निघायला वीस वर्षं लागली.

कुर्डुवाडीतून सुरू होणारी गोष्ट

मुंबईहून निघालेला जीआयपी कंपनीचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला. पण बार्शी या मार्गापासून बाजूला पडली. कापसाची मोठी बाजारपेठ, आणि तिथला माल स्टेशनापर्यंत यायचा बैलगाडीनं.

याच जीआयपी रेल्वेत १८८२ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा तरुण इंग्रज अभियंता नोकरीला लागला. त्याच्या डोक्यात एक वेड होतं. मोठी रेल्वे परवडत नाही अशा ठिकाणी हलकी, स्वस्त, पण नीट हिशेबानं बांधलेली रेल्वे न्यायची. त्यानं १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली, आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचं बार्शी रोड, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट.

त्याची युक्ती इंजिनिअर म्हणून मला फार आवडते. रूळ किती जड लागतील हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर किती वजन येतं त्यावर ठरतं. कॅलथ्रॉपनं मर्यादा घातली, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. मग ते इंजिन असो की मालडबा. इंजिन जड हवं असेल तर चाकं वाढवा. भार वाटला गेला, हलके रूळ पुरले आणि खर्च उतरला. आज आम्ही सर्व्हरवरचा लोड वाटतो, त्यानं तो रुळांवर वाटला होता.

ही गाडी पुढं १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. कापूस वाहायला निघालेली रेल्वे वारकरी वाहू लागली. आजीच्या लहानपणाची सहल म्हणजे हीच. आईबापाचा हात धरून बार्शीहून पंढरपूरला जायचं, खिडकीत बसायचं, डोळ्यात कोळशाचे कण घेऊन परत यायचं. चढावर गाडी इतकी सावकाश जायची की उतरून बोरं तोडून परत चढता यायचं, असं ती सांगायची. खरं-खोटं पांडुरंगाला माहीत.

माथेरानचा डोंगर

आता दुसरं टोक. माथेरान इंग्रजांच्या नजरेत आलं मे १८५० मध्ये. ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट डोंगरावर चढला आणि तिथल्या थंड, दाट झाडीच्या प्रेमात पडला. पुढं गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला, रस्ते झाले, बंगले उठले. 'नजरेत आलं' असं मुद्दाम म्हणतोय. ठाकर, कातकरी, धनगर या डोंगरात आधीपासून होते, त्यांना तो कुणी शोधून द्यायची गरज नव्हती.

मुंबईच्या उकाड्यातून मुलाबाळांना घेऊन साहेब लोक वर यायचे, मग श्रीमंत पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबंही यायला लागली. पण नेरळहून वर जायचं कसं? घोड्यावर, नाहीतर पालखीत, नाहीतर माणसांच्या खांद्यावरच्या खुर्चीत. थंड हवेची हौस साहेबाची, घाम दुसऱ्याचा.

मुंबईचे मोठे उद्योजक सर आदमजी पीरभॉय एकदा नेरळला आले आणि वर जायला वाहनच मिळेना, तेव्हा त्यांनी इथं रेल्वे आणायचं ठरवलं, अशी गोष्ट सांगतात. कारण काही असो, पैसा त्यांनी घातला हे नक्की. त्या काळचे सुमारे १६ लाख रुपये. काम १९०४ मध्ये सुरू झालं, मुलगा अब्दुल हुसेन यानं त्यावर देखरेख ठेवली, आणि १९०७ मध्ये गाडी वर पोचली.

आणि या रेल्वेचा सल्लागार अभियंता कोण होता? एव्हरार्ड कॅलथ्रॉप. आपला बार्शीवाला.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. पहिला विचार आला, आजीला फोन करावा. आजी जाऊन तोवर चार वर्षं झाली होती.

वळणाचं गणित

बार्शी आणि माथेरान यांचा प्रश्न मात्र वेगळा होता. बार्शीला सपाट रानात स्वस्तात जायचं होतं. इथं सुमारे २० किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटर चढायचं होतं. सिद्धेश्वर ज्या बोरघाटातून उतरते तिथला सर्वात तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. माथेरानला तो २० ला १ आहे.

डोंगराला बोगदे पाडत सरळ जाणं परवडणारं नव्हतं, म्हणून मार्ग डोंगराच्या अंगानं वळत गेला. अख्ख्या मार्गावर बोगदा एकच, तोही इतका छोटा की त्याला 'वन किस टनेल' म्हणतात. अशा वळणांसाठी रुळांमधलं अंतर बार्शीपेक्षाही कमी केलं, दोन फूट.

पण नुसते रूळ अरुंद करून भागत नाही. इंजिनाची सहा चाकं एका ताठ चौकटीत बसवली, तर तीव्र वळणावर ती रुळाला घासतात, नाहीतर उतरतात. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीनं बनवलेल्या चार इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे आस घातले. आतला आस सरळच राहतो, त्याच्याभोवती पोकळ नळीसारखा दुसरा आस असतो, आणि मधे गोळ्यासारखा सांधा. चाकं बाहेरच्या नळीवर असल्यामुळं ती वळणाबरोबर थोडी फिरतात, आतला आस ताकद देत राहतो. आपल्या खांद्याचा सांधा आठवा, तसंच.

जाता जाता, याच कॅलथ्रॉपनं पुढं विमानातून उडी मारण्यासाठी 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, १९१० मध्ये विमान अपघातात गेला होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी ते पॅराशूट गुप्तहेर उतरवायला वापरलं, स्वतःच्या वैमानिकांना मात्र दिलं नाही. यंत्र तयार असूनही कुणाचा जीव वाचवायचा हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. हा धागा लक्षात ठेवा.

गाडी संपते तिथून पुढं

परत २००४. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत आम्ही माथेरानला उतरलो. माकडानं ताईच्या हातातली चिक्की पळवली, ताई रडली, मी हसलो, मला धपाटा बसला. इथवर सगळी सहल जशी असते तशीच.

आमचं उतरायचं ठिकाण स्टेशनपासून बरंच आत होतं. माथेरानात मोटार चालत नाही, आणि आजीचे गुडघे दुखत होते. बाबांनी हातरिक्षा ठरवली. एक माणूस पुढून ओढणार, दोघं मागून ढकलणार. आजीनं त्या तिघांकडं बघितलं आणि म्हणाली, "मी नाही बसणार. माणसाला कुठं जुंपत असतेत व्हय?"

बाबा म्हणाले, "आई, त्यांचं पोट आहे त्यावर. आपण नाही बसलो तर ते काय खातील?"

दोघांचंही खरं होतं. आजी चालायला लागली. लाल मातीचा रस्ता, वर जांभळीची सावली. एका चढावर ती खाली बसली, उठता येईना. शेवटी बसली रिक्षात, आणि मला मांडीवर घेतलं. वाटभर ती पुढच्या माणसाशी बोलत होती. गाव कुठलं, लेकरं किती, शाळेत जातात का. तो धापा टाकत उत्तरं देत होता. थोड्या वेळानं तिनं विचारणं बंद केलं, कारण बोलताना त्याचा दम जात होता.

खरं सांगायचं तर मला त्या रिक्षात मजा आली होती. उतारावर ती वेग घ्यायची तेव्हा मी ओरडत होतो, "अजून जोरात!" ही सहल आठवली की आजही ते दोन शब्द आधी आठवतात.

मधल्या वीस वर्षांत

२००५ च्या जुलैच्या पावसानं लोहमार्ग उखडला, गाडी २००७ मध्ये परत सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्यावर पुन्हा बंद. २०१९ च्या पावसात पुन्हा नुकसान, आणि नेरळपासून गाडी धावायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दर वेळी मार्ग दुरुस्त झाला, पैसा लागला, बातम्या आल्या. चांगलंच झालं.

हातरिक्षा मात्र या सगळ्या काळात, गाडी चालू असो की बंद, चालूच होत्या. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं आणि मोटारींची बंदी आणखी पक्की झाली. झाडं वाचली, हे मान्यच करायला पाहिजे. पण इंजिनाला बंदी आणि माणसाला परवानगी, असा त्याचा एक अर्थ निघत राहिला. ई-रिक्षाची मागणी रिक्षा ओढणाऱ्यांनीच लावून धरली. घोडेवाल्यांना पोटाची भीती होती, काहींना जंगलाची काळजी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक ई-रिक्षा आल्या. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं सांगितलं की माणसानं माणसाला ओढणं अमानवी आहे, सहा महिन्यांत हे थांबवा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करा.

म्हणजे आजीचा प्रश्न आणि बाबांचा प्रश्न, दोन्ही एकाच निकालात आले. जुंपू नका, आणि त्यांचं पोटही मारू नका.

रुळांच्या अरुंदपणावर, आसाच्या सांध्यावर १९०७ मध्ये इतका विचार झाला, आणि स्टेशन ते मुक्कामाच्या दोन-अडीच किलोमीटरसाठी मात्र शतकभर कुणाला युक्ती सुचली नाही. युक्ती अवघड नव्हती. ओढणारा कोण आहे यावर घाई ठरते. पीरभॉय आणि कॅलथ्रॉप ही नावं मला एका रात्रीत सापडली. आम्हाला ओढणाऱ्या त्या तिघांपैकी एकाचंही नाव मला ठाऊक नाही. आजीनं विचारलं असणार. मी ऐकलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी भाचीला घेऊन गेलो. ती सहा वर्षांची. गाडीत म्हणाली, "मामा, माझी सायकल ह्याच्यापेक्षा जोरात जाते." मी तिला क्लीन-लिंडनर समजावायचा प्रयत्न केला, ती माकडं मोजत बसली. वर उतरल्यावर तिनं हातरिक्षा बघितली आणि विचारलं, "ह्याला इंजिन का नाही?"

मी तिला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागलो. दहा मिनिटांत माझे खांदे भरून आले. ती वरून ओरडत होती, "मामा, अजून जोरात!"

तुमच्या घरी कुणी बार्शी लाइटनं पंढरपूरला गेलेलं असेल, तर ते असेपर्यंत विचारून घ्या आणि आम्हाला कळवा. आणि आजी म्हणाली की ही बार्शी लाइटच आहे, तर हसू नका. भेटू पुढच्या भागात.