बेरियमच्या घोटाची कुळकथा

क्ष-किरण सापडले १८९५च्या नोव्हेंबरात, जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गला. विल्हेल्म राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, तेव्हा हाडं आणि बोटातली अंगठी ठळक उमटली. मांस नुसतं धूसर. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं. जठर, आतडी, भोवतीचे स्नायू मात्र सगळे जवळपास सारखेच किरण जाऊ देतात. त्यामुळे मोडलेलं हाड लगेच दिसू लागलं, पोटाचा काही थांग लागेना.

तो लावला एका विद्यार्थ्याने. १८९६मध्ये हार्वर्डला वैद्यकाच्या पहिल्या वर्षात असलेल्या वॉल्टर कॅनन यांना प्राध्यापक बाउडिच यांनी काम दिलं: गिळलेला घास पुढे कसा सरकतो, ते या किरणांनी पाहा. कॅनन यांनी हंसिणीला बिस्मथच्या कॅप्सूल गिळायला लावल्या. बिस्मथचा अणू जड, तो किरण अडवतो. त्या लांब मानेतून घसरत जाणारा काळा ठिपका पडद्यावर स्पष्ट दिसला. मग मांजराच्या अन्नात बिस्मथ कालवलं आणि जठराचा अख्खा आकार उमटला. जठरावरून लाटा सरकताना दिसत. मांजर चिडून धडपडू लागलं की लाटा थांबत, गोंजारलं की पुन्हा सुरू होत. राग आणि भीती पोटात शिरतात हे डोळ्यांसमोर घडलं. कॅनन यांचं भावना आणि शरीर यांवरचं पुढचं मोठं काम याच वाटेवरचं.

१९०४मध्ये म्युनिकच्या हर्मान रीडर यांनी बिस्मथ घातलेलं जेवण रुग्णांना देण्याची पद्धत रूढ केली. पण बिस्मथच्या वापरातल्या क्षारापासून आतड्यात विषारी नायट्राइट तयार होई आणि काही रुग्ण दगावले. १९१०च्या सुमारास त्याची जागा बेरियम सल्फेटने घेतली. बेरियमचे विरघळणारे क्षार जहाल विषारी. सल्फेट मात्र जठराच्या आम्लातही विरघळत नाही. शरीरात न मुरता ते जसंच्या तसं बाहेर पडतं.

आता जठरातला व्रण पाहायला दुर्बीण घालतात. पण घास नेमका कुठे अडतो, हे चालत्या चित्रात पाहायचं तर आजही बेरियमच पाजतात. कॅनन यांना मात्र त्या संशोधनाची किंमत मोजावी लागली: किरणांच्या माऱ्याने त्यांना त्वचेचं दुखणं जडलं. तो पांढरा, बेचव घोट नकोसा वाटला, तरी त्यामागची ही माणसं आपण विसरता कामा नये.