वाशिम जागेवरच, राज्य बदललं: नर्सच्या रजिस्ट्रेशन नंबरची गोष्ट

आजचा विषय नर्सचं रजिस्ट्रेशन. नाव ऐकून एपिसोड पुढे ढकलू नका, यात भांडण आहे, राजकारण आहे आणि आपला वाशिम जिल्हाही आहे.

माझी मामेबहीण वाशिमला जीएनएम झाली. नोकरीसाठी जिथे गेली तिथे पहिला प्रश्न एकच: "कौन्सिलचा नंबर आहे का?" मार्कशीट त्यानंतर. मी दिवसभर डेटाबेस सांभाळणारा माणूस, त्यामुळे हा नंबर मुळात आला कुठून, याचा शोध घ्यायला लागलो.

भांडण सुरू झालं इंग्लंडमध्ये. १८८७ मध्ये एथेल बेडफर्ड फेनविक यांनी नर्सची संघटना उभी केली आणि मागणी केली की ट्रेनिंग घेतलेल्या नर्सची सरकारमान्य यादी हवी. यादी नसेल तर कोणीही स्वतःला नर्स म्हणवणार आणि शिकलेल्या बाईच्या शिक्षणाला किंमत राहणार नाही. याला विरोध कोणाचा होता माहितीये? फ्लोरेन्स नाइटिंगेलचा! चांगली नर्स परीक्षेने आणि यादीने ठरत नाही, असं तिचं मत. भांडण तीस वर्षं चाललं. तोवर न्यूझीलंडने १९०१ मध्ये कायदा करून टाकला. ब्रिटनमध्ये कायदा झाला १९१९ ला. १९२१ मध्ये रजिस्टर उघडलं, तेव्हा पहिला नंबर फेनविकबाईंचा होता.

म्हणजे हा नंबर सरकारने लादलेला नाही, नर्सनीच तो मागून घेतलाय.

आपल्याकडे मद्रासने १९२६ ला कायदा केला, मुंबई इलाख्याने १९३५ ला आणि त्याच सुमारास मध्य प्रांतानेही. आता वाशिम बघा. हा भाग वऱ्हाडातला, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातला, आणि वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं. म्हणजे इथल्या नर्सचा आणि मुंबईच्या नर्सचा कायदा वेगळा, रजिस्टरही वेगळं.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. समजा, १९५५ मध्ये वाशिमला एक नर्स नोकरीला लागली. पाच वर्षांत तिने घर बदललं नाही, दवाखाना बदलला नाही, पण राज्य दोनदा बदललं! कायदा मात्र लगेच बदलला नाही. नवीन कायदा होईपर्यंत जुन्या भागात जुनाच कायदा चालू, असा पुनर्रचनेचा नियम होता. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर हलवला, पण डेटा जुन्याच टेबलमध्ये राहिला. एक राज्य, एक कायदा हे झालं महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ मुळे.

बरं, १९४७ मध्ये भारतीय नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला होता ना? झाला होता. पण त्याचं मुख्य काम देशभर शिक्षणाचा दर्जा सारखा ठेवणं. नाव नोंदवायचं ते राज्यातच. म्हणून आजही वाशिमची मुलगी पुण्याला गेली तर तोच नंबर चालतो, कारण कौन्सिल एकच. हैदराबादला गेली तर एनओसी आणि तिकडची नोंदणी. परदेशात निघाली तर मूळ कौन्सिलकडून पडताळणी. शिवाय दर पाच वर्षांनी नूतनीकरण.

आता पगार. नंबर मिळाला म्हणजे पगार मिळाला असं नाही. नर्सच्या संघटनेच्या याचिकेवर २९ जानेवारी २०१६ ला सुप्रीम कोर्टाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली: ५० पेक्षा कमी खाटांच्या खाजगी हॉस्पिटलमध्येही महिन्याला किमान २०,००० रुपये, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार. तालुक्याच्या गावातली बरीच हॉस्पिटलं त्या पहिल्या गटात बसतात. पण ही शिफारस आहे, अंमलबजावणी राज्यांच्या हातात. कारंजा-रिसोडकडे नोकरी करणाऱ्या तुमच्या ताईला तिचा पगार विचारा, मग कागद आणि जमीन यातलं अंतर कळेल.

२०२३ मध्ये नवीन कायदा आला, राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा. १९४७ च्या कायद्याची जागा तो घेणार, आणि देशपातळीवर ऑनलाइन रजिस्टर ठेवायची तरतूद त्यात आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटनही झालं. कॉलेज म्हटलं की हॉस्पिटल आलं, आणि हॉस्पिटल म्हटलं की नर्स लागणारच.

तर नर्सिंग करणाऱ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो, नूतनीकरणाची तारीख आजच मोबाईलमध्ये टाका. कोणी म्हणालं, "ओरिजिनल सर्टिफिकेट आमच्याकडे ठेवा," तर दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल देऊ नका. तो नंबर हॉस्पिटलच्या नाही, तुमच्या नावावर आहे. त्यासाठी बायका तीस वर्षं भांडल्यात.

एपिसोड त्या ताईला फॉरवर्ड करा. भेटू पुढच्या भागात!