न मोजलेला आकडा

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांचे आप्त आज कॅनडात, विशेषतः टोरांटोच्या परिसरात, स्थायिक झाले आहेत. सुटीत ते गावी आले की तेथील वर्णनात एक वाक्य हमखास येते : ‘फादर, तिथे नळाचे पाणी सरळ पेल्यात धरून प्यायचे. उकळायचे नाही की गाळायचे नाही.’ हे खरे आहे. परंतु त्याच टोरांटोच्या वायव्येस, मोटारीने दोन-अडीच तासांच्या अंतरावर असलेल्या एका लहानशा गावात मे २००० मध्ये नळाचे पाणी पिऊन सात माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे २,३०० आजारी झाली. गावाची लोकसंख्या होती अवघी ४,८०० च्या आसपास. त्या गावाचे नाव वॉकर्टन. तेथे जे घडले त्याची ऑन्टेरिओ प्रांताच्या सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने बारकाईने छाननी केली. न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या त्या आयोगाने जे उजेडात आणले, ते प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराशी निगडित आहे.

वॉकर्टन हे सॉगीन नदीकाठचे, शेती आणि गुराढोरांच्या मुलखातले गाव. २००० साली त्याला तीन विहिरींतून पाणी मिळे. येथे विहीर म्हणजे पंप बसवलेली कूपनलिका. क्रमांक पाच, सहा आणि सात अशीच त्यांची नावे. त्यांतील पाचव्या क्रमांकाची विहीर १९७८ साली खोदण्यात आली. ती उथळ होती. नळीचे पोलादी अस्तर जेमतेम पाच मीटरपर्यंत गेलेले. पाणी येई ते त्याच्या लगेच खालच्या भेगाळलेल्या खडकातून. पलीकडे शेत. खोदाईनंतरच्या चाचणी उपशातच पाण्यात जिवाणू आढळले होते, आणि सभोवतालची जमीन गावाने ताब्यात घेण्याचा विचार करावा, असे त्याच वर्षीच्या भूजल अहवालात सुचवलेले होते. जमीन घेतली गेली नाही. विहिरीला परवानगी मात्र मिळाली, आणि पुढे बावीस वर्षे गाव ते पाणी प्यायले. गावाच्या निम्म्याहून अधिक पाण्याची गरज भागवण्याची त्या एकट्या विहिरीची क्षमता होती.

अशा विहिरीचा सगळा भरवसा क्लोरीनवर असतो. नळाच्या पाण्यावर विसंबण्याची सवय मनुष्यजातीला फार जुनी नाही. इंग्लंडमधील मेडस्टोन या गावी १८९७ साली विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने तेथील जलवाहिन्या निर्जंतुक करण्यात आल्या. अमेरिकेत जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी १९०८ साली नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास आरंभ केला. लोक बिचकले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि अखेर पद्धत मान्य झाली. विषमज्वर आणि पटकी यांनी उजाड होणारी शहरे या पद्धतीने वाचली आहेत, हे आपण सहसा आठवत नाही.

पण क्लोरीन पाण्यात टाकले म्हणजे काम संपले असे नव्हे. पाण्यात घाण जितकी अधिक, तितके क्लोरीन तिच्याशी झुंजण्यात खर्ची पडते. म्हणून टाकलेले किती यापेक्षा उरलेले किती, हा खरा प्रश्न असतो. पंधरा मिनिटांनंतर लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे, असा वॉकर्टनला दंडक होता. शिल्लक उरले तर शत्रू हरला असे समजावे. काहीच उरले नाही तर विहिरीत काहीतरी भयंकर शिरले आहे, हे त्या एका आकड्यावरून त्याच दिवशी कळते. मोजणीचे काम काही मिनिटांचे, आणि साधेसुधे.

ही मोजणी वॉकर्टनमध्ये होत नसे. नोंद मात्र होत असे.

पाणीपुरवठ्याचा कारभार दोन भावांकडे होता. थोरले स्टॅन कोबल व्यवस्थापक, धाकटे फ्रँक मुकादम. वडीलही त्याच खात्यात मुकादम होते. घरच्या ओळखीने काम शिकावे, वर्षे भरत जावीत आणि जुन्या सेवेच्या आधारावर प्रमाणपत्र मिळावे, असा तो मार्ग. औपचारिक शिक्षण दोघांनाही मिळालेले नव्हते. दैनंदिन पत्रकावर क्लोरीनच्या रकान्यात ०.५ किंवा ०.७५ असा आकडा लिहून टाकायचा, ही तेथील जुनी वहिवाट होती; स्टॅन व्यवस्थापक होण्याच्या आधीपासूनची. प्रत्यक्षात क्लोरीन ठरल्यापेक्षा कमीच सोडले जाई, कारण पाण्याला औषधाचा वास येतो अशी गावकऱ्यांची तक्रार असे. गावकरी नाराज होऊ नयेत, ही त्यामागची भावना.

या दोघा भावांना दुष्ट ठरवणे सोपे आहे, पण आयोगाने तसे ठरवले नाही. आपले विहिरीचे पाणी मुळातच निर्मळ आहे अशी त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची मनोमन समजूत होती, आणि ते स्वतः ते क्लोरीनविरहित पाणी अनेकदा पीत असत. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. आम्हा धर्मगुरूंचे निम्मे आयुष्य नोंदवह्यांत जाते. बाप्तिस्म्याची नोंद आठवड्याने करू, तारीख तेवढी आठवून लिहू, असा मोह मलाही झालेला आहे. त्या क्षणी आपण खोटे लिहीत आहोत असे वाटतच नाही. राहिलेले काम पुरे करीत आहोत असे वाटते.

८ मे २००० पासून वॉकर्टनवर पाऊस कोसळू लागला. पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातला निम्म्याहून अधिक शुक्रवारी, १२ मे रोजी. पाचव्या विहिरीलगतच्या शेतात एप्रिलअखेर शेणखत पसरलेले होते. त्या शेतकऱ्याने सारे नियम पाळले होते, त्याचा काही दोष नाही, असे आयोगाने स्पष्टपणे नमूद केले. पावसाच्या पाण्याबरोबर शेणातील जिवाणू भेगांमधून विहिरीत उतरले. त्यांत ‘ई. कोलाय’ जिवाणूचा एक अतिशय घातक प्रकार होता. तो रक्ताचे जुलाब घडवतो आणि लहान मुलांची व वृद्धांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. क्लोरीन होते नव्हते ते संपून गेले. १३, १४ आणि १५ मे या तिन्ही दिवसांच्या पत्रकावर आकडा होता ०.७५. शत्रू वेशीतून आत येत असताना पहारेकऱ्याच्या वहीत ‘सर्व ठीक’ अशी नोंद होत होती.

सोमवारी पाण्याचे नमुने खाजगी प्रयोगशाळेकडे गेले. बुधवारी, १७ तारखेला, उत्तर आले : पाण्यात ई. कोलाय आहे. पूर्वी असे नमुने सरकारी प्रयोगशाळा तपासत असत. १९९६ साली काटकसरीच्या धोरणात ती सोय बंद झाली, आणि वाईट निष्कर्ष आरोग्य खात्याला थेट कळवण्याचे बंधन खाजगी प्रयोगशाळांवर घालायचे राहून गेले. त्यामुळे ते उत्तर एकट्या पाणीखात्यापाशी पोहोचले आणि तेथेच थांबले.

गुरुवारी गावातील मदर तेरेसा शाळेत वीस मुले गैरहजर होती, आणि दोन मुले ओवेन साउंड येथील रुग्णालयात दाखल झाली होती. शुक्रवारी तेथील बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना शंका आली आणि त्यांनी आरोग्य विभागाला कळवले. आरोग्य विभागाने स्टॅन कोबल यांना फोन केला. पाणी ठीक असावे, असे उत्तर मिळाले. शनिवारी पुन्हा विचारणा झाली, पुन्हा तेच. दोन दिवसांपूर्वीचा अहवाल त्यांच्यापाशी होता. गावाला न सांगता ते एकीकडे जलवाहिन्या धुऊन काढीत होते, क्लोरीनचा मारा करीत होते.

हे लपवण्यामागचे कारण ऐकून मन विषण्ण होते. सातव्या विहिरीवर काही दिवस क्लोरीन यंत्र नव्हतेच. नवे यंत्र आणून ठेवले होते, पण बसवायचे राहिले होते. ती चूक उघडी पडेल अशी त्यांना धास्ती होती. पुढे त्या विहिरीची पत्रकेही बदलून लिहिण्यात आली. वास्तविक विष आले ते पाचव्या विहिरीतून. म्हणजे एक लहान चूक झाकण्याच्या धडपडीत मोठी चूक कोठे आहे, याकडे कोणाचे लक्षच गेले नाही.

आरोग्याधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी अखेर आश्वासनांवर विसंबून राहायचे नाही असे ठरवले आणि रविवारी, २१ मे रोजी, दुपारी दीडच्या सुमारास पाणी उकळून पिण्याची सूचना जाहीर केली. ती स्थानिक नभोवाणीवरून सांगितली गेली. घरोघर पत्रके वाटली गेली नाहीत, दूरचित्रवाणीवरही दिली गेली नाही. सुटीचे दिवस होते. त्या दिवशी सूचना जेमतेम निम्म्या गावाला समजली. उरलेल्या घरांत त्या संध्याकाळीही नळाच्याच पाण्याने पेले भरले गेले असणार. दुसऱ्याच दिवशी पहिला मृत्यू झाला.

सत्तावीस रुग्णांना मूत्रपिंडाचा तो गंभीर विकार जडला आणि काहींची व्याधी जन्माची झाली. जलवाहिन्या आणि घरोघरचे नळ निर्जंतुक करून ‘आता उकळण्याची गरज नाही’ असे जाहीर होण्यास ५ डिसेंबर उजाडला. सहा महिन्यांहून अधिक काळ एका संपन्न देशातील गृहिणी पातेल्यात पाणी उकळत होत्या, भाजी धुण्यासाठी आणि दात घासण्यासाठीसुद्धा.

आयोगाचा पहिला अहवाल जानेवारी २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या विहिरीवर क्लोरीन अखंड मोजणारे यंत्र असते तर ही साथ टळली असती, आणि नुसती रोजची हाताने करायची मोजणी झाली असती तरी तिची व्याप्ती पुष्कळ घटली असती, असे त्यात म्हटले आहे. सरकारी कपातीवर, ढिसाळ तपासणीवर आणि अपुऱ्या प्रशिक्षणावरही आयोगाने ठपका ठेवला. त्याच वर्षी ऑन्टेरिओत सुरक्षित पेयजलाचा कायदा झाला. दोघा भावांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला. डिसेंबर २००४ मध्ये स्टॅन यांना एक वर्षाचा तुरुंगवास आणि फ्रँक यांना नऊ महिन्यांची घरातील स्थानबद्धता अशी शिक्षा झाली. मृतांच्या घरच्यांना ती अपुरी वाटली असेल तर त्यांना कोण दोष देईल?

आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली जाते. ती टाकली की नाही हे पाहण्यासाठी ‘ओटी’ चाचणी असते. काचेच्या नळीत नळाचे पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावे, असे आपले भारतीय मानक सांगते. पोते उघडे राहिले, पावडरला ओल लागली, की तिचा जोर जातो. मग टाकूनही न टाकल्यासारखेच. पहिल्या पावसानंतरचे आठवडे सर्वांत नाजूक. त्या काळात तरी, नळ कितीही स्वच्छ दिसो, पाणी खळखळून उकळून प्यावे आणि बाळाच्या दुधाला, सरबताला, बर्फालाही तेच वापरावे.

वॉकर्टनविषयी वाचले त्याच पावसाळ्यात मी एका लहान गावी मिस्सासाठी गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर पाणी सोडणाऱ्या माणसाला त्याची वही दाखवायला सांगितली. त्याने ती आनंदाने आणली. महिनाभर रोज एकच आकडा, एकाच शाईत. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, ‘फादर, पाणी एकदम चांगले आहे. आम्हीही तेच पितो.’ मग आम्ही दोघांनी मिळून नळाखाली काचेची नळी धरली आणि औषधाचे थेंब टाकले. पाणी होते तसेच राहिले. त्याने नळी उजेडाकडे धरून दोनदा पाहिली, वही मिटली आणि किल्ली घेऊन पावडरची खोली उघडायला गेला.