विजयदुर्गचे ओटे आणि हेलियमची तारीख

टेफ्लॉन नासाने शोधले, असे आजही सर्रास सांगतात. टेफ्लॉन १९३८ सालचे, नासाची स्थापना १९५८ ची. फुग्यात भरतात त्या हेलियमबद्दलही कोकणात अशाच तारखा पडताळायला हव्यात.

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ आहेत. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी इथून पाहिले आणि हेलियम शोधला, असे सांगितले जाते. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

कागदपत्रे मात्र निराळे सांगतात. त्या ग्रहणाचे निरीक्षक नोंदलेले आहेत: जमखंडीला लेफ्टनंट जॉन हर्शेल, गुंटूरला यान्सेन आणि टेनंट, मछलीपट्टणला पॉगसन. लॉकयर इंग्लंडमध्येच होते. त्यांनी मागवलेला स्पेक्ट्रोस्कोप हाती आला तोच ऑक्टोबरमध्ये. २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, त्यांनी लंडनमधून सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. ही वार्ता आणि यान्सेन यांचे भारतातून निघालेले पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबरला एकाच बैठकीत आले. वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमची नसून अज्ञात मूलद्रव्याची, म्हणजे हेलियमची, हा निष्कर्ष त्यानंतरच्या अभ्यासातला. लॉकयर भारतात ग्रहण पाहायला आले ते १८७१ मध्ये, तेही केरळातल्या बेकलला.

मग विजयदुर्गचे काय? लॉकयर तिथे खरोखरच आले होते, पण तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाचा विजयदुर्गचा अहवाल रॉयल सोसायटीने छापला आहे. त्यावर लॉकयर, कॅप्टन चिझम-बॅटन आणि प्रा. पेडलर यांची नावे आहेत. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी उपकरणांवर राबले, वर्णपटाची छायाचित्रे घेतली गेली. ओटे याच मोहिमेचे मानणे सयुक्तिक ठरते. हेलियम मात्र तोवर शोधायचा उरलेलाच नव्हता: १८९५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी तो पृथ्वीवरच्या एका खनिजातून मिळवला होता.

त्याच ग्रहणाला पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी घेऊन बसले होते. त्यांच्या कामाची आठवण आपण जवळजवळ ठेवलेली नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

विजयदुर्गचा मान खोट्या तारखेवर टिकवायची गरज नाही. किल्ल्यावरच्या माहितीत २२ जानेवारी १८९८ ही तारीख यावी, आणि पुढच्या हेलियम दिनाला मुलांना हर्शेल यांची जमखंडी व नायगमवालांचे जेऊरही सांगावे.