बालवाडी : रोमच्या चाळीपासून आपल्या अंगणापर्यंत

स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी "बालवर्गाविषयी चार शब्द लिहून द्या" म्हणून सांगितले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे गेल्या चैत्रातील बैठक आली. हळदीकुंकू आटोपल्यावर पन्ह्याचे पेले गोळा होत होते आणि कार्यकारिणीपुढे एक सूचना आली, की येत्या वर्षापासून आपल्या बालवर्गात रोज लेखनाची वही असावी आणि दर महिन्याला परीक्षा घ्यावी. सूचना मांडणाऱ्या भगिनींचा हेतू वाईट नव्हता. बालवर्गाची संख्या ३२ वरून १९ वर आली आहे, शिक्षिकाताईंचे मानधन निघणे कठीण झाले आहे, आणि पलीकडच्या रस्त्यावरील इंग्रजी शिशुवर्गात साडेतीन वर्षांची मुले ए-बी-सी-डी लिहितात हे सर्वांना दिसते आहे. एक आई तर मला उभ्या उभ्या म्हणाली, "काकू, आमचा बाळ इथे खेळतो छान, पण तो शिकतो कधी?"

वीस-बावीस वर्षे मी हा वर्ग पाहते. पण त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मी जुनी पुस्तके काढून बसले. लहान मुलांना वाचायला शिकवण्याचा हा खटाटोप कोणी, कोठे, कशासाठी आरंभिला, ते पुन्हा वाचले, आणि त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या इतिहासातच मिळाले. ते येथे यथामती मांडते.

आपल्याकडे पूर्वी शिक्षणाचा श्रीगणेशा धुळाक्षरांनी होत असे. पंतोजींच्या शाळेत मूल पाटीवर किंवा जमिनीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षर गिरवी. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून तिची पूजा करण्याची चाल तर आपल्यापैकी पुष्कळींच्या घरी अजूनही आहे. या जुन्या पद्धतीत एक गोष्ट फार शहाणपणाची होती. अक्षराची पहिली ओळख डोळ्यांबरोबर बोटालाही होई, आणि चुकले तर हाताने पुसून पुन्हा काढता येई. तिच्यातील दोष म्हणजे छडी, आणि अर्थ न कळता चालणारी घोकंपट्टी. धूळ जाऊन कागद आला, तेव्हा आपण बोटाचे शहाणपण टाकले आणि घोकंपट्टी मात्र ठेवली.

आता थोडे दूर, इटलीत जाऊ. रोम शहरातील सान लोरेंझो ही कष्टकऱ्यांची वस्ती. तेथील चाळींची डागडुजी झाली. पण आईबाप दिवसभर कामावर गेले, की मागे राहिलेली लहान मुले जिने आणि भिंती खराब करीत. त्यांना सांभाळायला कोणीतरी हवे, एवढ्याच हेतूने चाळीच्या व्यवस्थापकांनी एक खोली दिली आणि डॉ. मारिया मॉन्टेसरी या बाईंना बोलावले. मॉन्टेसरीबाई डॉक्टर होत्या आणि त्यापूर्वी त्यांनी मंदबुद्धी मुलांना शिकवण्याचे काम केले होते. ६ जानेवारी १९०७ रोजी त्या खोलीत त्यांचे पहिले 'बालगृह' सुरू झाले. साऱ्या जगातील बालशाळांना वळण लावणाऱ्या या संस्थेचा उगम मुलांनी भिंती खराब करू नयेत एवढ्याशा गरजेतून झाला, हे वाचून मला गंमत वाटली.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. इतक्या लहान मुलांना लिहिणे-वाचणे शिकवावे असे मॉन्टेसरीबाईंच्या मनात प्रथम नव्हतेच. तो आग्रह धरला चाळीतल्या आयांनी. त्या स्वतः निरक्षर होत्या. आपली मुले इथे इतके काही करतात, तर त्यांना अक्षरही शिकवा, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणजे चैत्रातल्या बैठकीत आपल्या आयांनी जे मागितले, तेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी रोमच्या आयांनी मागितले होते! त्या मागणीत गैर काहीच नव्हते. फरक आहे तो बाईंनी ती कशी पुरी केली यात.

त्यांनी वही दिली नाही. काचकागदाची, म्हणजे सुतार लाकूड घासायला वापरतात त्या पॉलिशपेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलाने त्यांवरून लिहिण्याच्या वळणाने बोट फिरवायचे आणि त्याच वेळी अक्षराचा उच्चार ऐकायचा. आकृत्या रंगवताना पेन्सिल धरण्याची सवय आधीच झालेली. सुट्या अक्षरांच्या पेटीतून मुले ऐकलेला शब्द जुळवीत. असे काही महिने गेले. डिसेंबरातील एका उन्हाच्या दिवशी मुले गच्चीवर खेळत होती. बाईंनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू देऊन समोरचे धुराडे काढायला सांगितले. त्याने ते काढले, बाईंनी शाबासकी दिली, आणि तो एकदम "मला लिहिता येते!" असे ओरडू लागला. खाली बसून त्याने फरशीवर शब्द लिहिला. त्या इटालियन शब्दाचा अर्थ होता 'हात'. मग 'धुराडे' लिहिले, मग 'छप्पर'. ते पाहून इतर मुलेही खडू मागू लागली. लिहिणे आधी आले आणि वाचणे नंतर. पण त्याच्याही आधी हाताची तयारी झाली होती.

हा विचार आपल्याकडे आणणारांत पहिले नाव घ्यायला हवे गिजुभाई बधेका यांचे. हे गृहस्थ गुजरातेतील वकील. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि त्याला कसे वाढवावे या विचारात असताना मॉन्टेसरीबाईंचे लेखन त्यांच्या वाचनात आले. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर काढले. लोक त्यांना प्रेमाने 'मिशावाली आई' म्हणत. मॉन्टेसरीबाईंच्या साधनांना त्यांनी आपल्याकडच्या गोष्टी, गाणी आणि नाटुकली यांची जोड दिली. गोष्टीवाचून मुलाला वाचनाची भूक लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१९२३ साली या बालमंदिरात एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. त्या आपल्या ताराबाई मोडक. जन्म मुंबईचा, १८९२ चा. १९१४ साली पदवीधर झालेल्या. १९२१ साली विवाहविच्छेद झाला, तेव्हा पदरी लहान मुलगी. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असेल याची कल्पना भगिनींनी करावी. राजकोट येथील शिक्षिकांच्या विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. ते सोडून त्या बालमंदिरातील मुलांत येऊन बसल्या. १९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'शिशुविहार' सुरू केला. १९३९ साली मॉन्टेसरीबाई स्वतः मद्रासजवळ अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत या देशातच राहिल्या. त्यांच्या वर्गांतून शेकडो शिक्षक तयार झाले.

परंतु या साऱ्यात एक उणीव राहिली होती. मॉन्टेसरीची साधने महाग आणि शाळा शहरातल्या सुखवस्तू घरांसाठी. ज्या पद्धतीचा जन्म गरिबांच्या चाळीत झाला, ती गरिबांनाच परवडेनाशी झाली! ही विसंगती ताराबाईंना बोचली. १९४५ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्या दादर सोडून त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि तेथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्यांच्या सोबतीला आल्या अनुताई वाघ. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. कोवळ्या वयात लग्न आणि पाठोपाठ वैधव्य. शिक्षिकेची नोकरी करीत करीत १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या होत्या. आपणा बायकांच्या मंडळाने ध्यानात ठेवावे असे हे दोघींचे आयुष्य आहे.

बोर्डीला त्यांनी काय केले? विकतची साधने बाजूला ठेवली. शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या यांवर मुले मोजू, जुळवू, लावू लागली. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे, मग गाणी-गोष्टी, मग हाताचे काम. तरीही दलित वस्तीतली मुले गावातल्या बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा या बाई बालवाडी उचलून त्या वस्तीच्या अंगणात घेऊन गेल्या. तीच अंगणवाडी. १९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलुखात गेले. तेथली मुले गुरे राखीत, म्हणून गुरांमागे कुरणात जाऊन शिकवणारी 'कुरणशाळा' निघाली. थोरल्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळीत घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' निघाली. मूल का येत नाही, हे आधी शोधायचे आणि मग शाळेने आपला आकार बदलायचा, अशी ही रीत होती.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंनी ते काम १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत चालवले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू केली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या वस्तीमागच्या अंगणवाडीवरून जाताना त्या शब्दाच्या मागे बोर्डीचे ते अंगण उभे आहे, हे किती जणींना ठाऊक असेल?

आता माझे थोडेसे घरचे सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला हा लेख लिहिण्याचा अधिकार नाही. माझ्या थोरल्या मुलाला मी साडेतिसाव्या महिन्यापासून पाटी दिली. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर बाराखडी. मारले कधी नाही. पण माझा आवाज चढे. एकदा पाटी सापडेना. शोधशोध केली, तर ती तांदळाच्या कोठीमागे, भिंतीला तोंड करून ठेवलेली. मी हसले आणि पुन्हा त्याला बसवले. तो पहिलीत सर्वांच्या आधी वाचू लागला, मला धन्यता वाटली. पण आज तो चाळिशीपुढे गेला आहे आणि त्याने आपण होऊन हाती घेतलेले पुस्तक मी पाहिलेले नाही.

धाकटीच्या वेळी मी नोकरीत अडकले आणि ती सासूबाईंच्या पायांशी वाढली. सासूबाई जेमतेम सहीपुरत्या शिकलेल्या. त्या तांदूळ निवडीत आणि गोष्टी सांगत. ही ताटातल्या तांदळात बोट फिरवीत बसे. मी केव्हातरी जाता येता ग, म, भ, न ही एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे तिला काढून दाखवली होती. त्यांचा फायदा असा, की चारपाच दिवसांत 'मग', 'मन', 'गगन', 'नमन' असे शब्द जुळतात. क-ख-ग-घ-ङ अशा क्रमाने गेले, तर घरात बोलला जाणारा शब्द हाती यायला फार वाट पाहावी लागते. एक दिवस, पाच वर्षांची असताना, बसच्या खिडकीतून दुकानाची पाटी तिने मोठ्याने वाचली आणि वाटेत येणारी प्रत्येक पाटी वाचत आली. रात्री आजीच्या मांडीवर बसून तिने आजीला गोष्ट वाचून दाखवली. दोन मुले, एकच आई. दोन्ही वेळा हेतू चांगलाच होता.

यावरून लहान मुलांना अक्षर दाखवूच नये असे मी म्हणत नाही. सान लोरेंझोच्या आयांची मागणी खरीच होती आणि आपल्या आयांचीही खरी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळ, गोष्ट व हातांनी करून पाहणे यांना स्थान दिले आहे. म्हणजे पहिलीच्या उंबरठ्यावर मुलाने सर्व काही उरकून यावे, अशी अपेक्षा कोणी ठेवलेली नाही. चिंचोके उचलताना बोटांची चिमूट तयार होते आणि तीच पुढे पेन्सिल धरते. गाणे म्हणताना शब्दांतले आवाज वेगळे ऐकू येतात. तेच पुढे अक्षरांशी जुळतात. "तो शिकतो कधी?" या प्रश्नाचे उत्तर हे आहे. तो शिकतोच आहे. आपणच त्याच्या आईला ते नीट दाखवले नाही.

म्हणून सर्वसाधारण सभेपुढे माझी विनंती अशी. वही आणि परीक्षा नको. त्याऐवजी पॉलिशपेपरची अक्षरे आपणच बसून कापू. एका दुपारचे काम आहे. रव्याची चार ताटे ठेवू. महिन्यातून एका शनिवारी आयांना वर्गात बोलावून मुलांशेजारी बसवू आणि कोणता खेळ कशासाठी, ते समजावून सांगू. आणि ज्या आजींना अजून वेळ मिळतो, त्यांनी पाळीपाळीने येऊन रोज एक गोष्ट सांगावी. मानधनाची तूट भरून काढण्यासाठी यंदाच्या दिवाळी फराळाच्या विक्रीचा निम्मा भाग बालवर्गाला द्यावा.

संख्या १९ आहे, हे खरे. पण ताराबाईंनी मुले येत नाहीत म्हणून अंगण गाठले. मुलांना वही देऊन बोलावले नाही. आपल्या वर्गात जी १९ मुले येतात, त्यांपैकी एकानेही आपली पाटी कोठीमागे लपवू नये, एवढीच माझी इच्छा आहे. मंडळाला शुभचिंतन करून लेखणी आवरते.